निळ्या अंड्यांची वाटणी

आमच्या आणि मावशीच्या रानामध्ये एक बांध आहे आणि बांधावर चिंचेचं झाड. झाड नेमकं कुणाच्या हद्दीत येतं ते कुणाला ठाऊक नाही, आणि आम्हा दोघींना ते ठरवायचंही नव्हतं. चिंच दोघींची. शिमग्याच्या आगेमागे ती झोडपायची, ताडपत्रीवर सारखे ढीग घालायचे आणि मग वाटणी. एकीने ढिगावर हात ठेवून विचारायचं, "हा कुणाचा?" दुसरीने पाठ फिरवून उभं राहायचं आणि न बघता सांगायचं, "तुझा" नाहीतर "माझा". मटणाचे वाटेसुद्धा आमच्याकडे असेच लावतात. सांगणारीला दिसत नाही, म्हणून कुणी कुणाला नाव ठेवत नाही.

पाठ नेहमी मावशीच फिरवायची. तिचे गुडघे धरलेले. "मला वाकाय जमत न्हाई बाई. तू इचार, मी सांगते," म्हणायची आणि खोडाकडे तोंड करून उभी राहायची. इतकी वर्षं चिंच वाटली, तिने एकदाही मान वळवून बघितलं नाही. वळवायची कशाला? विचारणारी मी होते ना.

मावशी माझ्या आईची बहीण नव्हे. ती पण काष्टी गावची आणि मी पण काष्टीची, एवढंच नातं. देवळाली प्रवराला ती माझ्या आधी वीस-एक वर्षं सून म्हणून आली. मग माझं स्थळही तिनेच आणलं. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात मी या उसात रडत बसले होते, तेव्हा तिने मला भाकरी-ठेचा खाऊ घातला आणि वर शिव्याही दिल्या, "रडतीस काय, मेलंय का कोन?" सासरी सगळ्यांना अहो-जाहो करायचं, तिला मात्र मी पहिल्यापासून अगं-तुगं करते.

तिच्या कोंबड्या म्हणजे तिचं राज्य. घर सुनेच्या हातात गेलं, दूध डेअरीला जातं ते मुलाच्या नावावर, ऊस फॅक्टरीला जातो तोही मुलाच्या नावावर. अंड्यांचं जे येईल ते मावशीच्या कनवटीला. मिश्री, एसटीचं तिकीट, लेकीकडे जाताना नातवंडांना खाऊ, हे तिथून निघायचं. कुणापुढे हात पसरायला नको. पण सुनेने नवीन ओटा बांधून गुळगुळीत फरशी बसवली आणि कोंबड्यांची शिट तिच्या डोळ्यांवर यायला लागली. त्यात मरीने खुराडं रिकामं केलं, एकच म्हातारी कोंबडी उरली, तीही खुडूक बसलेली. सून म्हणाली, "आत्याबाई, ही शेवटची खेप. तलंगा निघाल्या तर ठेवा. न्हाईतर खुराडं मोडायचं, मला तिथं गाडी लावायचीय."

तलंग म्हणजे अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. मावशीने हे सगळं माझ्या ओसरीवर बसून मला सांगितलं होतं. मला सगळं माहीत होतं, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बिचारीला ठाऊक नव्हतं.

त्याच दिवसांत माझा मुलगा पुण्याहून एक डबा घेऊन आला. त्याला काय वेड लागेल सांगता येत नाही. एकदा मासे झाले, एकदा अळंबी झाली. या वेळी डब्यात भुशामध्ये अंडी होती. आकाशी निळी! मी म्हटलं, "अरे गाढवा, कुणी रंगवून गळ्यात मारली तुझ्या?" त्याने एक तडा गेलेलं अंडं फोडून दाखवलं, तर टरफल आतूनही निळं. विलायती जात आहे म्हणाला, लेगबार म्हणतात, कुणा हौशी माणसाकडून आणलीत. मग फोनवर फोटो दाखवला आणि म्हणाला, "आई, हिची गंमत वेगळीच आहे. पिल्लू अंड्यातून निघाल्या दिवशीच ओळखता येतं. पाठीवर खारीसारखा ठळक पट्टा असला की मादी. रंग फिका आणि डोक्यावर पांढुरका ठिपका असला की नर."

मी म्हटलं, "पुरे, ते निघाल्यावर बघू." पण ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

अंडी माझ्याकडे, खुडूक कोंबडी मावशीकडे. आमच्याकडे अशा वेळी निम्म्यानं ठरतं. अंडी एकीची, कोंबडी दुसरीची, पिल्लं निम्मी-निम्मी. मावशीला अंडी दाखवली तर तिने एक हातात घेऊन उन्हाकडे धरलं, मग गालाला लावलं. "अगं बया! ही तर देवानं निळीत बुचकळून काढली जनू," म्हणाली. टोपलीत भुसा घातला, विषम अंडी हवीत म्हणून एक बाजूला काढलं, वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून त्यात खिळा ठेवला. थंडीत कुठली वीज? पण ठेवला. मग कोंबडीला उचलून वर बसवलं आणि म्हणाली, "आता निळी अंडी देनाऱ्या दोन तलंगा जरी माज्या वाट्याला आल्या ना, सूनबाई स्वता खुराडं सारवल बघ."

तीन आठवडे ती त्या कोंबडीची बाळंतपण केल्यासारखी सरबराई करत होती. दोन अंडी वाया गेली, नऊ पिल्लं निघाली. निरोप आला तशी मी हातातलं काम टाकून पळाले.

खुराड्यात हात घालून मी पिल्लं एकेक करून डालग्यात ठेवली आणि बघितलं. पट्टा. पट्टा. ठिपका. इतकं स्वच्छ दिसत होतं की मला वाटलं, मावशीलाही दिसणार. पण तिला डोळ्यांपुढे सगळी पिवळी-तपकिरी पिल्लंच दिसत होती. ती आपली कोंबडीला कण्या घालत होती. पाच पट्ट्यांची, चार ठिपक्यांची.

खरं तर वाटणी त्या दिवशी करायचीच नसते. पिल्लं मोठी होऊ द्यायची, तुरे दिसू लागले की कोंबडे वेगळे, तलंगा वेगळ्या, आणि मग दोन्ही निम्म्या-निम्म्या करायच्या. तसं झालं असतं तर मावशीला दोन तलंगा बसल्या-जागी मिळाल्या असत्या. पण मी म्हटलं, "मावशी, आजच वाटून टाकू गं. माझ्या पिल्लांच्या नखांना नेलपॉलिश लावते. उद्या मांजरानं नेलं तर ज्याचं त्याचं गेलं. तुझं-माझं भांडण नको."

"तुज्या-माज्यात कसलं भांडान?" मावशी हसली. पण मी म्हटलं म्हणून उठली, भिंतीकडे तोंड केलं, कमरेवर हात ठेवले. "इचार."

मी डालग्यात हात घातला आणि विचारलं, "हे कुणाचं?"

"तुजं. अंडी तुजी, पैला मान तुजा."

मी पट्ट्याचं उचलून माझ्या पाटीत ठेवलं. पुन्हा हात घातला. कुठल्याच पिल्लावर ठेवला नाही, नुसता मध्ये धरला. "हे कुणाचं?"

"माजं."

मग ठिपक्याचं उचललं.

असं. हात अधांतरी, उत्तर आलं की निवड. बाई किती हुशार! "तुजं" आलं की पट्टा, "माजं" आलं की ठिपका. मावशी नेकीने एक माझं, एक तिचं म्हणत होती. मला कुणी पढवलं नव्हतं, आधी ठरवलंही नव्हतं. हात आपोआप चालत होता. शेवटी एक उरलं. या वेळी मी विचारलंच नाही. मावशी भिंतीशीच बोलली, "उरलं का येक? ऱ्हाऊ दे, तुलाच घे. पोरानं येवढ्या लांबनं आनली अंडी." ते पाचवं पट्ट्याचं होतं.

का केलं? मी स्वतःला पुष्कळ कारणं देऊन बघितली. मुलाने हौसेने आणली होती. राहुरीच्या जावेकडे मोठा जर्मन कुत्रा आलाय आणि ती येता-जाता त्याचं कौतुक ऐकवते, मला तिला निळी अंडी दाखवायची होती. हे सगळं खरं आहे, पण त्यात काही दम नाही. मला पाचही हव्या होत्या. हव्या होत्या आणि घेता येत होत्या, बस.

माझ्या पाचांची नखं रंगवून मी सगळी पिल्लं पुन्हा कोंबडीखाली सोडली. मी घरी निघाले तेव्हा मावशीने पदर झटकला आणि म्हणाली, "आता द्येवाची मर्जी." मी "हो ना," म्हटलं. तोंड वर करून म्हटलं.

त्या वर्षी शिमग्याला चिंच वाटली, तेव्हा पिल्लं टुणटुणीत झाली होती. मावशी नेहमीसारखी खोडाकडे तोंड करून उभी राहिली. मी ढीग अगदी काटेकोर लावले, तिचे जरा मोठेच लावले. पाव किलो चिंचेने फिटणार होतं की काय!

पिल्लं आईवेगळी झाली तशी माझी पाच मी घरी आणली. पुढे तुरे आले. मावशीच्या चारही पिल्लांना लालभडक तुरे, आणि माझ्या पाचजणींना डोक्यामागे पिसांची शेंडी. मावशी बांधावरून बघून गेली. "आगं माज्या कर्मा, चारी कोंबडं! लई वंगाळ नशीब बाई माजं." मी म्हटलं, "जाऊ दे गं, पुढच्या खेपेला." पुढची खेप होणार नव्हती. म्हाताऱ्या कोंबडीला उसातल्या मुंगसाने नेलं, आणि चार कोंबडे पहाटेपासून असे आरवायचे की सून कानाला हात लावायची. तिने शब्द पाळला. मावशी सोनईला लेकीकडे गेली असताना खुराडं मोडलं आणि तिथे स्कूटर लागली. दोन कोंबडे बाजारात गेले, एक पाहुण्यांना कापला. एक तेवढा मावशीने पायाला सुतळी बांधून गोठ्यात ठेवला.

त्याच सुमारास माझ्या कोंबड्या अंड्यावर आल्या. जाऊ आली, तिने तोंडात बोट घातलं, फोटो काढले. डेअरीवाला म्हणाला, "वहिनी, इंजेक्शन देता का यांना?" सगळी वस्ती बघून गेली. जे हवं होतं ते सगळं झालं, आणि मला त्यात काही मजा आली नाही. मी मावशीला चार अंडी द्यायला गेले. ती ओट्यावर गव्हातले खडे निवडत होती. अंडी तिने ओंजळीत घेतली, पहिल्यासारखीच गालाला लावली आणि सुनेला हाक मारली, "ही बघ, माज्या कोंबडीखालच्या पिलांची हायेत." सुनेने "हं" केलं. मावशीला त्या दिवशी लेकीकडे जायचं होतं आणि ती तिकिटासाठी मुलाच्या येण्याची वाट बघत बसली होती. पूर्वी तिला मी कधी कुणाची वाट बघताना पाहिलं नव्हतं. मी घरी आले आणि दिवसभर कोंबड्यांवर खेकसत होते. त्या बिचाऱ्यांचा काय दोष?

पावसाळ्याच्या शेवटी आमच्या ह्यांना डेंग्यू झाला. पेशी उतरत गेल्या, नगरला दवाखान्यात ठेवलं. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मागे जनावरं, कोंबड्या, घर, सगळं मावशीने बघितलं. रोज फोन करायची, "पेशी चढल्या का गं?" एवढाच प्रश्न. चढल्या. आम्ही घरी आलो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी गुडघे सांभाळत बांध ओलांडून आली. हातात झाकलेला डबा.

"जावयाला दे. द्येवाचा परसाद हाय. म्हसोबाला कोंबडं बोलले हुते मी, पेशी चढू दे म्हनून. आज फेडलं."

मी डब्याकडे बघत राहिले. "कुठला कोंबडा, मावशी?"

"कुटला म्हंजी? त्योच, आपला. येकच तर ऱ्हायला हुता." मग माझ्या दंडाला धरून, हसून म्हणाली, "मी म्हनते बरं झालं माज्या वाट्याला कोंबडंच आलं. तलंग चालली नसती द्येवाला. त्याला आदीच ठावं हुतं बघ."

मला हे सहन झालं नाही. माझ्या पापाला तिने देवाची योजना करून टाकलं होतं, आणि वर रस्सा करून आणला होता! मी तिथेच चुलीपाशी रडायला लागले. तिला वाटलं, नवऱ्याच्या काळजीने. पाठीवर हात फिरवायला लागली. मी तो हात झिडकारला आणि सगळं ओकले. पट्टा, ठिपका, फोटो, अधांतरी धरलेला हात. "मी बघून उचललं, मावशी. तुझ्या तलंगा मी घेतल्या. तुझं खुराडं माझ्यामुळे मोडलं."

मावशी खदखदून हसली. "येडी का खुळी तू? येका दिसाच्या पिल्लाचं नर का मादी कुनाला कळतंय? माजी हयात गेली कोंबड्यात. उगं मला बरं वाटावं म्हनून काय बी सांगतीस व्हय?"

"अगं खरंच कळतं. ही जातच तशी आहे. फोटो दाखवू?"

"फोटू नगं. जेव आदी. दवाखान्यात बसून बसून डोक्याला शीण झालाय तुज्या."

मी दोन तलंगा, म्हणजे आता अंडी देणाऱ्या कोंबड्या, पाटीत घालून तिच्याकडे नेल्या. "कुटं ठिवू?" तिने स्कूटरकडे बोट दाखवलं. "ने परत. तुज्याकडंच बऱ्या." मी म्हटलं, त्यांना माझ्या खुराड्यात राहू दे, अंडी तेवढी तुझी. तर म्हणाली, "दुसऱ्याच्या दारातली अंडी इकून काय माजी कमाई व्हते का?" मी पाटी उचलून परत आले.

माझं मन म्हणालं, चला, सांगून तर टाकलं. विश्वास ठेवला नाही तर तो तिचा प्रश्न. मला थोडं हलकंसुद्धा वाटलं, खोटं कशाला बोलू? हिवाळा गेला. मावशी पूर्वीसारखीच यायची, बसायची, चहा प्यायची, आमच्या ह्यांना पेशी विचारायची. मी तिला अंडी द्यायचे, ती घ्यायची. मिटलं असं मी समजून चालले होते.

यंदा चिंच झोडपली. मी ताडपत्रीवर ढीग लावले, हात झटकले आणि पहिल्या ढिगावर हात ठेवून तिच्याकडे बघितलं. मावशी खोडाकडे वळली नाही. माझ्याकडे तोंड करून उभी होती.

"फिर ना गं मावशी."

"औंदा तू फीर," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, काही नव्हतं. "मी इचारते."

"तुला वाकायला जमायचं नाही. गुडघे—"

"जमल. तू फीर तिकडं."

ती एक हात मांडीवर टेकून, दुसऱ्याने ताडपत्रीचा आधार घेत खाली बसली. गुडघे कटकन वाजले ते मला ऐकू आलं. मी उठवायला पुढे झाले, तर तिने नुसतं खोडाकडे बोट केलं. मी वळले. नाकासमोर चिंचेची साल, तिच्यावर मुंग्यांची रांग. मागे काय चाललंय काही दिसत नव्हतं. माझी मावशी मला फसवणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. असंच तिलाही ठाऊक होतं, इतकी वर्षं.

"ह्यो कुनाचा?" मागून तिचा आवाज आला.

"तुझा."

"आन् ह्यो?"

"तुझाच."

"ह्यो?"

"तुझा, मावशी."

"आगं, येक तरी माजा म्हन," ती म्हणाली. "वाटनी हाय ही."

मला 'माझा' हा शब्द काही केल्या तोंडातून काढता येईना. मी झाडाकडे तोंड करून तशीच उभी राहिले, आणि ती मागे ढिगावर हात ठेवून थांबली.